बूट काढून टाकले तर नडगीचं दुखणं जाईल का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका २१ वर्षांच्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: लहानपणापासून घरी, वावरात, शाळेत सगळीकडे अनवाणी. पोलीस भरतीची तयारी सुरू केली तेव्हा 'बुटाशिवाय पळशील तर गुडघे जातील' असं कोणीतरी डोक्यात भरवलं, म्हणून १८०० रुपयांचे बूट घेतले. तीन आठवड्यांत दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखायला लागल्या. आता एक मित्र मोबाइलवर व्हिडिओ दाखवून सांगतो की बूट फेकून दे, माणूस अनवाणी पळायलाच बनला आहे. मैदानी चाचणीला साधारण अडीच महिने उरलेत. ऐकायचं कोणाचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १८ वर्षांपासून दवाखाना चालवतो आणि पहाटे भरतीची पोरं-पोरी पळतात त्या मैदानावर असतो. असे पाय घेऊन दर हंगामात कोणी ना कोणी येतंच, म्हणून जरा लांब लिहितो.

भाऊ, तुम्ही बूट की अनवाणी एवढंच विचारलंत. पण खरी गोष्ट तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात: बूट आल्यापासून पांदण, म्हणजे शेताची कच्ची वाट, सोडली, डांबरी रोडवर पळायला लागलात, आणि तीन किलोमीटरचे सात केलेत, रविवारसुद्धा न सोडता. म्हणजे एकाच आठवड्यात पायातलं बदललं, पायाखालचं बदललं आणि अंतर दुपटीहून जास्त झालं. सात किलोमीटरला साधारण सात हजार पावलं पडतात. तीन आठवडे रोज म्हटलं तर दीड लाखाच्या जवळ. जुन्या तीन किलोमीटरच्या हिशेबाने ती साठ-पासष्ट हजारच झाली असती. नडगीला यातलं नेमकं काय लागलं हे कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. माझा संशय पहिल्यांदा अंतरावर, मग रोडवर, आणि तिसऱ्या नंबरला बुटांवर आहे. बूट फेकले आणि रोड व अंतर तेच ठेवलं तर पहिले दोन्ही आरोपी मोकाटच राहतात.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. बाजेवर बसा, पाय गुडघ्यावर घ्या आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत अंगठ्याने दाबत या. चार-पाच बोटं लांबीचा पट्टाच्या पट्टा ठणकत असेल, पळायला लागताना दुखून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हाडाचं वरचं आवरण आणि त्याखालचं हाड चिडलेलं आहे. हे बरं होतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर जीव कळवळला, किंवा रात्री पडल्या पडल्या दुखलं, किंवा त्या पायावर लंगडी घालताना कळ आली, तर हाडाला केसासारखी चीर आहे असं धरून चाला. पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही, तेव्हा 'फोटो क्लिअर आला' म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानावर येऊ नका.

आपल्या भागात आणखी एक विचारावं लागतं. नडगीसोबत हात, पाठ, छातीची हाडंही दुखतात का, डोळे पिवळे होतात का, घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का? असेल तर आधी ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासून घ्या. मी एका पोराच्या पोटऱ्या महिनाभर चोळत बसलो होतो आणि दुखणं हे होतं.

आता पळताना पायाखाली होतं काय ते बघू. पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या. पाऊल जमिनीला लागलेलं असतं पाव सेकंदाच्या आसपास, वेगात असाल तर त्याहून कमी. तेवढ्यात जमीन तुम्हाला झेलते आणि परत वर फेकते. या झेलण्यातला जोर वजनाच्या अडीच ते तीन पटीपर्यंत जातो. ६० किलोच्या पोराला दीडशे ते एकशे ऐंशी किलो, एका पायावर, दर पावलाला. बूट घाला की काढा, हा मोठा जोर फारसा हलत नाही. फरक पडतो तो पाय टेकल्यानंतरच्या पहिल्या ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात.

टाच आधी टेकली तर या पहिल्या क्षणी एक वेगळा दणका बसतो. पाऊल आणि नडगी मिळून एक दांडा होतो आणि तो जागच्या जागी थांबतो. पंजा आधी टेकला तर पाऊल घोट्यात फिरतं, पोटरी दोरीसारखी ताणली जाते, टाच मागाहून हळूच खाली येते, आणि तो पहिला दणका जवळजवळ नाहीसा होतो. बैलबंडीवरून उडी मारताना टाचांवर कोणी पडतं का? पंजावर पडतो, गुडघे आपोआप वाकतात. हे कोणी शिकवलेलं नसतं. बूट टाचेला गादी देतो, म्हणून टाच आधी टेकवणं खपून जातं. अनवाणी टाच गिट्टीवर एकदा आपटली की दुसऱ्यांदा माणूस जपून टेकवतो.

हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात छापलं. केनियातले, आयुष्यभर अनवाणी पळलेले धावपटू बहुतेक पंजावर उतरत होते. टाचेवर उतरताना शरीराच्या सुमारे ६.८ टक्के वजनाइतका भाग एकदम थांबतो, पंजावर उतरताना १.७ टक्के, असं त्यांना आढळलं. ६० किलोच्या माणसाचं धरलं तर एकीकडे चार किलोचा घण आणि दुसरीकडे एक किलोची हातोडी. तुमच्या मित्राच्या व्हिडिओचं मूळ बहुतेक इथेच असेल.

हे वाचून मीही पेटलो होतो. दवाखाना टाकून दोन-तीन वर्षं झाली होती. बूट कपाटात टाकले आणि थेट गावातल्या सिमेंट रोडवर चार किलोमीटर अनवाणी सुरू केलं. माझे पाय शाळेपासून बुटात वाढलेले, तळवे बाळासारखे. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा धरल्या की दवाखान्याच्या पायऱ्या उलटा तोंड करून उतरायचो. पाचव्या आठवड्यात उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागचं लांब हाड सुजलं. एक्स-रे साफ. मी, पेशंटांना शहाणपण शिकवणारा माणूस, 'मुका मार आहे' म्हणून आणखी आठ दिवस पळलो. तीन आठवड्यांनी परत एक्स-रे काढला तर हाड सांधत असल्याची गाठ दिसली, म्हणजे चीर होतीच. दोन महिने लंगडलो. त्याहून वाईट म्हणजे मैदानावरच्या तीन पोट्ट्यांना मीच बूट काढायला लावले होते आणि त्यातल्या एकाची टाचेमागची शीर सुजून ती भरती हातची गेली. तो अजून रस्त्यात भेटतो, 'सर, आता बूट का अनवाणी?' असं हसत विचारतो.

मी एकटाच असा नव्हतो. २०१३ साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३६ सरावलेल्या धावपटूंपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या, पाच बोटांच्या बुटांवर आणलं आणि एमआरआय काढला. १९ पैकी १० जणांच्या पावलातल्या हाडांत आतून सूज वाढलेली निघाली. गंमत म्हणजे या लांब हाडांच्या चिरेला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात, कारण १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने मार्च करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांत हे दुखणं नोंदवलं होतं. ते सैनिक तर बूट घालून चालत होते. हाडाला बुटाशी देणंघेणं नसतं, काम किती आणि किती अचानक वाढलं याच्याशी असतं.

याचं कारण समजून घ्या, कारण तुमच्या नडगीतही तेच चाललंय. काम वाढलं की हाड स्वतःला मजबूत करतं, पण क्रम उलटा असतो: आधी जुनं कुरतडतं, मग नवं भरतं. कुरतडायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. घराची जुनी भिंत पाडलीय, नवी अजून कमरेएवढीच आलीय, आणि नेमका तेव्हाच पाऊस, अशी मधली अवस्था असते. दमसास दहा दिवसांत वाढतो, पोटरी महिनाभरात तयार होते, हाड सगळ्यांत मागे राहतं. 'सर, दम लागत नाही, अजून पळू का?' असं विचारणारा पोरगा म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. तुमची नडगी तिसऱ्या आठवड्यात बोलायला लागली याचं मला नवल वाटलं नाही.

व्हिडिओत एक गोष्ट सांगत नाहीत. पंजावर उतरलं की तो दणका जातो, पण काम जात नाही. काम तेवढंच, मजूर बदलतात. टाचेवर उतरणाऱ्याचा गुडघा जास्त राबतो. पंजावर उतरणाऱ्याची पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाची लांब हाडं. तेव्हा 'अनवाणी पळशील तर गुडघे जातील' हे तुम्हाला सांगणारा चुकला, गुडघ्यावर उलट भार कमी येतो. पण गुडघा सुटला म्हणून पाय सुटला असंही नाही. माझ्याकडे गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्याला मी पावलं आखूड करायला आणि थोडं पुढे झुकायला सांगतो. टाचेमागची शीर धरलेल्याला त्याच्या बरोबर उलट, चांगली टाच असलेले बूट घालायला लावतो. दोघं एकाच बाकावर बसलेले असतात आणि माझ्याकडे संशयाने बघतात.

आणि अनवाणी माणूस पंजावरच उतरतो, हेही सरसकट खरं नाही. उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास २०१३ साली आला. तेही जन्मभर अनवाणी. सोयीच्या वेगाने पळताना त्यांच्यातले सुमारे ७२ टक्के टाच आधी टेकवत होते. वेग वाढवला तसे पुढे सरकले. हे आमच्या मैदानावर रोज दिसतं. वॉर्मअपला रमतगमत फिरताना अनवाणी पोरगंही टाचेवर चालतं, आणि भरतीच्या १६०० मीटरच्या वेळेला तेच पोरगं मधल्या पावलावर येतं. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. साडेनऊशेच्या आसपास पावलांत सगळा खेळ. या वेगाला टाच आपटत पळणं फार कमी जणांना जमतं, बूट कुठलेही असोत.

पाय हा स्प्रिंगसारखा आहे आणि ही स्प्रिंग शरीर न विचारता बदलतं. नांगरलेल्या वावरात पाय कडक होतो, सिमेंटवर जास्त वाकतो. फुगीर गादीच्या बुटातही तसंच: खाली मऊ लागलं की पाय कडक. फिनलंडमध्ये २०१८ साली मोजलं तर जाड गादीच्या बुटात, वेग वाढल्यावर, दणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणून दुकानदार 'डबल सोल आहे, गुडघ्याला त्रासच नाही' म्हणतो तेव्हा मी गप्प राहतो.

वजनाचं मात्र खरं आहे. दर बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की पळण्याचा प्राणवायूचा खर्च जवळपास १ टक्का वाढतो. जुलैत काळ्या मातीच्या पांदणीवर बुटाच्या तळाला पाव-पाव किलो गारा चिकटतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पण यावरून अनवाणी म्हणजे फुकट वेग असंही निघत नाही. वजन सारखं करून मोजलं तर हलका बूट अनवाणी पायाच्या मागे पडत नाही; जे झेलण्याचं काम गादी करत होती ते अनवाणी पायाच्या स्नायूंना करावं लागतं आणि त्यालाही प्राणवायू लागतो. व्हिडिओत अबेबे बिकिला असेलच. इथिओपियाच्या या सैनिकाने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत त्यानेच परत जिंकली, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत, आणि तेव्हा पायात बूट-मोजे होते. ही दुसरी शर्यत फॉरवर्ड होत नाही.

आता तुमच्या पायांकडे येतो. इथेच माझा सल्ला शहरातल्या फिजिओपेक्षा वेगळा होतो. तुमचे पाय माझ्यासारखे नाहीत. माझ्यासाठी अनवाणी हा बदल होता. तुमच्यासाठी बूट हा बदल आहे. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पाऊल ८.६ टक्के निघालं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. पावलाची कमान ही नुसती शोभा नाही, ती दर पावलाला दबते आणि उसळते, टाचेमागच्या शिरेसारखीच फुकटची ताकद परत देते. तळव्याच्या घट्ट्यांबद्दलही २०१९ साली एक छान गोष्ट समोर आली: जाड घट्ट्यांमुळे तळव्याची जाणीव मंदावत नाही. गादी मात्र ती मंद करते. तुम्हाला खडा कळतो आणि टोचत नाही, हे भांडवल पंधरा-वीस वर्षांत कमावलेलं आहे. एका मित्राच्या किंवा एका दुकानदाराच्या बोलण्यावर ते टाकून द्यायचं कारण नाही.

दोन हंगामांपूर्वी सेलू तालुक्यातली एक मुलगी आली होती, ८०० मीटरची तयारी करणारी. कापूस वेचायला अनवाणी जाणारी. तळवा अंगठ्याने दाबला तर बैलाच्या कातड्यावर दाबल्यासारखं. बोटं पंख्यासारखी पसरलेली, पंजा रुंद, आणि पायात दुकानातले निमुळते गुलाबी लेडीज बूट. करंगळीचं नख काळं पडलेलं, अंगठा आत वळलेला, पळताना ती पंजा आखडून घ्यायची आणि त्यामुळे नडगीच्या पुढचा स्नायू ताठ. तिला तिच्या मापाचा एकही बूट बसला नाही, भावाचे बसले. रोडवर भावाच्या बुटात, आणि वेगाचा सराव मुरमावर अनवाणी, असं ठरवलं. पंधरा दिवसांत नडगी शांत झाली. त्यात बूट बदलल्याचा वाटा किती आणि मी तिचे रोजचे सहा किलोमीटर कमी केले त्याचा किती, ते मला आजही सांगता येत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. वजन कमी करायच्या नादात एक भाकर खाऊन पळतात, पाळी दोन-तीन महिने चुकते, आणि मग हाडाला चीर जाते. तिथे बुटाची चर्चाच करू नये, आधी जेवण.

तर तुमचे दहा आठवडे मी असे लावले असते. चीर नाही असं धरून. पहिले दोन आठवडे पळणं पूर्ण बंद, सायकल चालवा, दम तेवढाच राहतो. घराच्या पायरीच्या कडेला पंजा टेकवून एका पायावर टाच वर-खाली करा, रोज तीन वेळा दमेपर्यंत. एका पायावर सलग २५ झाल्याशिवाय तुमची पोटरी पंजावर उतरण्याचं काम पेलू शकणार नाही असं समजा. गुडघा वाकवून पण करा, खालचा स्नायू त्याने लागतो. तिसऱ्या आठवड्यात पांदणीवर परत या, एक दिवस आड, जुन्या सवयीने अनवाणी, एक किलोमीटरपासून. थोडं पळा, थोडं चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर नडगी काल होती त्यापेक्षा जास्त दुखली तर अंतर वाढवायचं नाही. तेवढंच दुखलं किंवा कमी दुखलं तर दर आठवड्याला थोडं वाढवा. सहाव्या आठवड्याआधी डांबरी रोड नको.

टाच की पंजा याचा विचार सध्या सोडून द्या. त्याऐवजी पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं ते बघा. मोबाइल विटेवर उभा ठेवा, गुडघ्याच्या उंचीला, स्लो मोशन लावा आणि समोरून आडवं पळत जा. पाऊल टेकतं त्या क्षणी थांबवून बघा. नडगी जवळपास उभी असेल तर ठीक. पाऊल पुढे फेकलेलं आणि नडगी मागे कललेली दिसली तर तुम्ही दर पावलाला ब्रेक मारताय. उपाय सोपा आहे: वेग तोच ठेवून पावलं आखूड आणि जलद. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा, चारने गुणा, आलेल्या आकड्यात पाच ते दहा टक्के वाढवा. १६० येत असतील तर १६८ ते १७६. एवढ्याने गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो हे २०११ साली ४५ धावपटूंवर मोजलेलं आहे, आणि त्यांचे बूट कोणी काढले नव्हते. कानाचीही मदत घ्या. मागून धप्प धप्प ऐकू आलं की मी न बघता ओळखतो कोण लांब टांगा टाकतंय.

फक्त 'पंजावर पळ, पंजावर पळ' असं ओरडणाऱ्या ट्रेनरच्या नादी लागू नका. एका अकादमीतली सहा पोरं माझ्याकडे एकाच आठवड्यात आली होती, सगळी बोटांच्या टोकांवर पळणारी, टाच जमिनीला लावूच द्यायची नाही असं शिकवलेली. सहाच्या सहा जणांच्या टाचेमागच्या शिरा सुजलेल्या. टाच खाली टेकली पाहिजे. मागाहून, पण टेकली पाहिजे.

बूट विकू नका. रोडवर पळावं लागेल तेव्हा, काटेरी रस्त्याला आणि उन्हाळ्यात ते लागतील. मे महिन्यात दुपारी डांबरावर अनवाणी पाय टेकवून बघायची गरज नाही. पण ते तुमच्या पायाला बसतात का ते बघा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घाला. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, करंगळी मोकळी हवी. तळ हाताने पंजाच्या जागी वाकला पाहिजे. टाच फार उंच आणि दगडासारखी कडक असेल, जशी बाजारातल्या नकली बुटांची असते, तर पळायला नकोत, चालायला वापरा. बाकी ज्यात पहिल्याच दिवशी बरं वाटतं तो बूट चांगला. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर बूट आणि दुखापती तपासल्या, आणि शेवटी तेही आरामाला फार महत्त्व द्यायला लागले.

अनवाणी पळण्यातले आपल्याकडचे धोके मी हलके धरत नाही. सराटे आणि बाभळीचे काटे तुम्हाला माहीत आहेत. त्याहून वाईट म्हणजे पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर उरलेली तिरपी खुंटं, सळईसारखी घुसतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. पांदणीच्या कडेला लोक शौचाला बसत असतील तर तिथल्या ओल्या मातीतून हुकवर्मच्या अळ्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे आतड्यात रक्त पितात. हिमोग्लोबिन ९ वर आलेल्या पोराला कुठलाही बूट ५ मिनिटं १० सेकंदांत आणू शकत नाही. दम लवकर लागत असेल तर रक्त तपासा, जंताची गोळी विचारा. पायाला कुठे बधिर चट्टा असेल, किंवा घरातल्या कोणा मोठ्या माणसाला साखर असेल आणि तेही तुमच्यासोबत फिरायला येत असतील, तर अशा कोणीच अनवाणी एक पाऊलही टाकू नये. काटा रुतला तरी त्यांना कळणार नाही. बधिर चट्टा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, कुष्ठरोगाचं औषध तिथे फुकट मिळतं.

चाचणीच्या दिवशी काय घालायचं हे पाच आठवडे आधी ठरवा आणि मग हात लावू नका. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्सच्या नियमात अनवाणी, दोन्ही पायांत बूट, इतकंच काय एकाच पायात बूट घालून पळायलाही परवानगी आहे; भरतीच्या जाहिरातीत वेगळं काही लिहिलंय का ते मात्र नीट वाचा. चाचणीचं मैदान मुरमाचं आहे की डांबरी, हे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या पोरांना विचारा. मुरूम असेल आणि तोपर्यंत तुमचा वेगाचा सराव अनवाणीच झालेला असेल, तर मी तुम्हाला अनवाणीच पळवीन. डांबरी असेल तर शेवटचे पाच आठवडे आठवड्यातून दोनदा हलक्या, पातळ बुटात वेगाचा सराव करून घ्या.

पांदणीवर परत उतराल तेव्हा साडेचारला जाऊ नका, फटफटल्यावर जा. अंधारातच जायचं असेल तर बॅटरी हातात ठेवा, मोबाइलच्या उजेडावर भागवू नका. घोणस धुऱ्याच्या कडेला गवतात पडलेली असते आणि पाय पडेपर्यंत हलत नाही.